‘तूर डाळ’ शोधली की मसाला वर का येतो? ऑनलाइन दुकानातील शोधनिकालांचा क्रम लावताना

प्रश्न थोडक्यात असा: किराण्याचे ऑनलाइन दुकान, साधारण साडेसहा हजार वस्तू, एक गोदाम ठाण्यात वागळे इस्टेटला, दुसरे तुर्भ्याला. शोधासाठी इलॅस्टिकसर्च हे सॉफ्टवेअर. ‘तूर डाळ’ टाइप केले की पहिल्या चारांत ‘डाळ तडका मसाला’ आणि ‘झटपट डाळ खिचडी’ दिसतात, खरी डाळ सातव्या-आठव्या जागी. नावाच्या फील्डला (माहितीच्या रकान्याला) 10 चा बूस्ट (गुण तितक्या पटीने वाढवणारा आकडा) दिल्यावर डाळ वर आली, पण ‘मीठ’ आणि ‘पोहे’ बिघडले. मालकांना जास्त मार्जिनचा माल वर हवा आहे. कोणत्या फील्डला किती वेटेज द्यावे?

वेटेजचे आकडे खाली दिले आहेत, पण आधी त्यांना हात लावू नका. तुमच्या तक्रारीत तीन वेगळे दोष आहेत. त्यातला एकच वेटेजचा आहे, आणि 10 च्या बूस्टने तो झाकला गेला, बरा झाला नाही.

आधी आकडेमोड पाहू. इलॅस्टिकसर्च 5.0 पासून मजकुराचा स्कोअर बीएम25 या सूत्राने काढते. त्यात दोन गोष्टींचा गुणाकार असतो: शब्द किती दुर्मिळ आहे, आणि तो त्या फील्डमध्ये किती वेळा, किती लांब मजकुरात आला आहे. धरा, 6500 वस्तूंपैकी ‘तूर’ 20 नावांत आहे आणि ‘डाळ’ 300 नावांत. मग दुर्मिळतेचा आकडा ‘तूर’साठी 5.76 आणि ‘डाळ’साठी 3.07 येतो. लांबीच्या भागात के1 (शब्द पुन्हा आल्याने गुण किती वाढावेत) हा 1.2 आणि बी (लांबीचा परिणाम किती व्हावा) हा 0.75 असे मूळ आकडे असतात. नावाची सरासरी लांबी 6 शब्द असेल, तर दोन शब्दी ‘डाळ मसाला’ला 0.625 मिळतात आणि ‘तूर डाळ पॉलिश न केलेली निवडक 1 किलो पाकीट’ या नऊ शब्दी नावाला 0.377.

म्हणजे केवळ नावावर पाहिले तर खऱ्या डाळीला (5.76 + 3.07) × 0.377 = 3.33 आणि मसाल्याला 3.07 × 0.625 = 1.92. डाळ पुढे आहे! मग ती मागे कशी पडली? वर्णनामुळे. मसाल्याच्या वर्णनात ‘तूर डाळ, मूग डाळ, मसूर डाळ, चणा डाळ, कुठल्याही डाळीला चव’ असे लिहिलेले असते आणि तुमच्या क्वेरीत (शोधयंत्राला पाठवलेल्या मागणीत) सगळ्या फील्डचे गुण एकमेकांत मिळवले जातात. वर्णनात ‘तूर’ एकदा आणि ‘डाळ’ चारदा आली की सहज 4 गुण वाढतात. मसाला 6 वर जातो. डाळीच्या पाकिटाला मात्र वर्णन लिहायची गरज कुणालाच वाटली नव्हती, म्हणून ती 3.33 वरच राहते. (एक्स्प्लेन, म्हणजे स्कोअर कसा बनला याचा तपशील, काढून पाहिलेत तर हे आकडे 2.2 पट दिसतील. सूत्रातला तो स्थिर गुणक आहे, क्रमाला त्याने फरक पडत नाही.)

आता नावाला 10 चा बूस्ट दिल्यावर डाळ 33, मसाला 23. प्रश्न सुटल्यासारखा दिसतो. पण ‘पोहे’ हा एकच शब्द असलेला शोध घ्या. दुर्मिळता सगळ्यांना सारखीच, मग उरते ती फक्त लांबी. ‘पोहे चिवडा’ दोन शब्दांचा, म्हणून त्याला 0.625. ‘जाड पोहे कांदेपोह्यांसाठी निवडक साफ केलेले 1 किलो पाकीट’ नऊ शब्दांचे, म्हणून 0.377. दहाने गुणल्यावर ही दरी दसपट झाली आणि इतर कोणताही संकेत ती भरून काढू शकला नाही. दुकानाच्या शोधात नावाची लांबी म्हणजे माल भरणाऱ्याच्या हाताची सवय. तिला एवढी किंमत द्यायचे कारणच नाही.

म्हणून पहिली दुरुस्ती: नावाच्या फील्डसाठी वेगळी सिमिलॅरिटी (गुण काढण्याच्या सूत्राची सेटिंग) ठेवा, बी 0.2 ते 0.3, के1 0.3 ते 0.5. बी 0.3 केले (के1 तोच ठेवला तरी) तर वरची 0.625 विरुद्ध 0.377 ही तफावत 0.51 विरुद्ध 0.42 वर येते. के1 कमी ठेवल्याने नावात ‘डाळ’ दोनदा घुसडणाऱ्या पुरवठादाराला फायदा मिळत नाही. वजन आणि पॅकिंग नावातून काढून स्वतंत्र फील्डमध्ये टाका. ग्राहकाला दाखवताना पुन्हा जोडता येते. वर्णन तर शोधाच्या मुख्य पायरीतून काढूनच टाका. निकाल रिकामा आला तरच दुसऱ्या फेरीत ते वापरा.

दुसरा दोष वस्तूच्या प्रकाराचा, आणि माझ्या मते सर्वात मोठा. मराठीत वस्तू कोणती हे बहुधा शेवटचा शब्द सांगतो. ‘डाळ मसाला’ हा मसाला आहे, ‘बेसन लाडू’ हा लाडू आहे, ‘तांदळाचे पीठ’ हे पीठ आहे. शोधयंत्राला हे कळत नाही, त्याला सगळे शब्द सारखे. प्रत्येक वस्तूला ‘प्रकार’ असे नियंत्रित फील्ड द्या: तूर डाळ, मूग डाळ, पोहे, चिवडा, मीठ, मसाला. साडेसहा हजार वस्तूंचे प्रकार चारशेच्या आसपास भरतील आणि दोघे जण बसले तर आठवडाभरात हे काम उरकते. मग शोध नोंदींमधून सर्वाधिक वापरले जाणारे 300 शब्द काढा आणि प्रत्येकासमोर अपेक्षित प्रकार लिहा. ‘तूर डाळ’ समोर तूर डाळ, ‘पोहे’ समोर पोहे. क्वेरी पाठवताना तो प्रकार जुळणाऱ्या वस्तूंचा स्कोअर 2 ते 3 पट करा. गाळू नका, फक्त वर आणा. ‘पोहे’ म्हणणाऱ्याला खाली चिवडा दिसला तर कुणाचे बिघडत नाही, उलट कधी कधी तोही टोपलीत जातो.

या एका बदलानंतर बहुतेक वेटेजचे वाद आपोआप मिटतात. उरलेल्यांसाठी सुरुवातीचे आकडे असे घ्या: प्रकार 6, नाव 4, ब्रँड 3, पर्यायी नावे 2, आणि दुसऱ्या फेरीतले वर्णन 0.3. फील्डचे गुण मिळवण्याऐवजी सर्वोत्तम फील्ड धरणारा बेस्ट फील्ड्स प्रकार वापरा आणि टाय ब्रेकर 0.2 ठेवा, म्हणजे बाकीच्या फील्डचा पाचवा हिस्साच मिळवला जाईल. एक अडचण येते: ‘ब्रँड + वस्तू’ अशा शोधात एक शब्द ब्रँड फील्डमध्ये आणि दुसरा नावात असतो, तिथे बेस्ट फील्ड्स गडबडते. त्यासाठी ब्रँड आणि नाव एकत्र कॉपी केलेले आणखी एक फील्ड ठेवणे सोपे पडते.

किमान किती शब्द जुळावेत, हेही ठरवा. मुळात ‘कोणताही एक शब्द जुळला तरी चालेल’ असे असते, म्हणून ‘तूर डाळ’ला नुसती डाळ असलेल्या सगळ्या वस्तू येतात. दोन शब्दांपर्यंत सगळे आणि त्यापुढे 75 टक्के, असा नियम चांगला चालतो. तीन शब्दांत 75 टक्के म्हणजे 2.25, तो खाली उतरून 2 होतो, चारांत 3.

आता ‘मीठ’. तिसरा दोष इथे आहे आणि त्याचा वेटेजशी काही संबंध नाही.

फझिनेस (टायपिंगच्या किती चुका माफ करायच्या ती सेटिंग) ऑटोवर ठेवली असेल तर नियम असा: 2 अक्षरांपर्यंत तंतोतंत, 3 ते 5 अक्षरांत एक चूक माफ, 5 च्या वर दोन माफ. हा नियम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून केलेला आहे. देवनागरीत काना-मात्रा वेगळे अक्षर म्हणून मोजले जातात, त्यामुळे ‘मीठ’ तीन अक्षरांचे ठरते. एक अक्षर बदलले की ‘पीठ’. ‘डाळ’ची ‘बाळ’ होते आणि लहान मुलांचा साबण डाळींमध्ये येऊन बसतो. ‘गूळ’चे ‘मूळ’ होते. रोमनमध्ये टाइप करणाऱ्याचे ‘तेल’ एका स्वराने ‘तीळ’ होते, कारण दोन्ही तीन-तीन अक्षरांत लिहिले जातात. किराण्याच्या मराठी शब्दांत दोन-तीन अक्षरी शब्द इतके आहेत की हा नियम इथे टिकत नाही.

उपाय: देवनागरी फील्डवर 5 पेक्षा कमी अक्षरांना चूक माफ नाही, 5 ते 8 ला एक, त्यापुढे दोन. पहिले अक्षर जुळलेच पाहिजे, म्हणजे प्रीफिक्स लेंग्थ 1. आणि चूक माफ करणारा भाग मुख्य क्वेरीत न घालता शून्य निकाल आल्यावरच चालवा. बरोबर लिहिणाऱ्याला चुकीचा शब्द दाखवण्याची गरज नसते.

पर्यायी शब्द

ठाणे-नवी मुंबईत एकाच इमारतीत मराठी, गुजराती, हिंदी, तमिळ घरे असतात आणि बरेच जण रोमन लिपीत टाइप करतात. तूर, तुवर, अरहर, पोहे, पोहा, पौंआ, रवा, सूजी, शेंगदाणे, सिंगदाणा, मूंगफली, नाचणी, रागी, चवळी, लोबिया, ओवा, अजवाइन. यांतले एकाच वस्तूचे शब्द हे दुहेरी पर्याय (कोणताही टाकला तरी दुसरा सापडावा असे), बिनधास्त जोडा. प्रत्येकाची रोमन रूपेही त्याच ओळीत टाका, तूरची ‘ओ’ दोनदा लिहिलेली आणि ‘यू’ने लिहिलेली अशी दोन्ही.

पण सगळे पर्याय दुहेरी नसतात, इथेच घाई नडते. हिंदीतल्या ‘धनिया’ला धणे आणि कोथिंबीर दोन्ही दाखवावेत. मराठीत ‘धणे’ म्हणणाऱ्याला कोथिंबीर नको असते. म्हणून धनियाकडून दोघांकडे एकेरी बाण, धणे-कोथिंबीर यांच्यात काहीच नाही. ‘गोडा मसाला’ आणि ‘काळा मसाला’ काही घरांत एकच, तर काही भागांत काळा म्हणजे झणझणीत. दुहेरी जोडलात तर परत येणारा माल वाढेल. ‘वाल’ आणि ‘कडवे वाल’ यांचेही तसेच. बिरडे करणाऱ्या ठाणे-रायगडच्या ग्राहकाला पावटा दाखवून चालत नाही. ‘भगर’, ‘वरई’, ‘वरीचे तांदूळ’, ‘मोरैयो’ मात्र एकाच ओळीत जातात. ‘उपवास’ हा तर वस्तूचा पर्यायी शब्दच नाही, तो गुणधर्म आहे. साबुदाणा, भगर, राजगिरा पीठ, शिंगाडा पीठ यांना उपवासाची खूण लावा आणि शोध त्या खुणेवर न्या. नाहीतर ‘उपवास’ला वर्णनात तो शब्द असलेला एकच चिवडा येतो.

पर्यायी शब्द इंडेक्स करताना (वस्तू शोधसूचीत भरताना) न लावता शोधाच्या वेळी लावा. यादी बदलली की साडेसहा हजार वस्तू पुन्हा इंडेक्स कराव्या लागत नाहीत आणि चूक झाली तर मागेही घेता येते. ‘तूरडाळ’ असा जोडून लिहिलेला शब्द वेगळाच टोकन (शोधाचा सुटा घटक) होतो, तोही या यादीतच ‘तूर डाळ’कडे वळवा. अनेक शब्दांचे पर्याय असतील तेव्हा सिनोनिम ग्राफ फिल्टर हवा, साधा फिल्टर शब्दांच्या जागा विस्कटतो.

देवनागरी एकसारखी करणे

हे काम कंटाळवाणे आहे, पण टाळले तर वस्तू निकालात मुळी येतच नाही आणि लोक त्याला रँकिंगची तक्रार म्हणतात. ‘पुऱ्या’, ‘कैऱ्या’, ‘सुपाऱ्या’ यांतला र दोन प्रकारे साठवला जातो: एकात खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा जोडक. पडद्यावर दोन्ही सारखे, यंत्राला वेगळे. ‘ॲपल’मधला ॲ तीन प्रकारे टाइप होतो. माल भरणारा संगणकावर एक कीबोर्ड वापरतो, ग्राहक मोबाइलवर दुसरा. ही सगळी रूपे टोकन होण्याआधी कॅरेक्टर मॅपिंगने एकाच रूपात आणा. त्यानंतर मराठी अंक इंग्रजी अंकांत बदलणारा डेसिमल डिजिट फिल्टर, मग हिंदी नॉर्मलायझेशन. हा शेवटचा फिल्टर ऱ्हस्व-दीर्घ एक करतो, त्यामुळे ‘तुर’ आणि ‘तूर’ जुळतात, ‘मुग’ आणि ‘मूग’ही.

हिंदी स्टेमर मात्र लावू नका. नाव सारखे म्हणून अनेक जण नॉर्मलायझेशनबरोबर तोही लावून टाकतात. तो शेवटची मात्रा कापतो. ‘डाळी’चे ‘डाळ’ होते तोवर ठीक, पण ‘वडा’ आणि ‘वडी’ दोन्ही ‘वड’ होतात, आणि ‘गोडा’ मसाल्याचा ‘गोड’ होऊन तो मिठाईच्या शोधात येतो. मराठीची अनेकवचने आणि सामान्यरूपे (पोहे-पोह्यांचे, लाडू-लाडवांचे) किराण्यापुरती दीडशे-दोनशेच भरतात. ती हाताने यादीत घालणे कमी धोक्याचे.

विक्री, साठा आणि मार्जिन

इथवर आल्यावर मगच धंद्याचे संकेत. बीएम25 च्या गुणांना ठरावीक कमाल मर्यादा नसते. ‘तूर डाळ’चे सर्वोत्तम गुण 20 असतील तर ‘साखर’चे 7. म्हणून ‘विक्रीसाठी 5 गुण मिळवा’ हा नियम एका शोधात किरकोळ ठरतो आणि दुसऱ्यात सगळे उलटेपालटे करतो. मिळवू नका, गुणा. आणि गुणकाचा आवाका अरुंद ठेवा.

विक्रीसाठी हे सूत्र पुरते: 1 + 0.1 × लॉग10(1 + गेल्या 30 दिवसांतील ऑर्डरी). शून्य ऑर्डरी असतील तर 1, दहा असतील तर 1.10, शंभर 1.20, हजार 1.30. नग न मोजता ऑर्डरी मोजा. वाशीच्या एखाद्या खानावळीने एकदम 200 किलो साखर घेतली तर ती 200 लोकांची पसंती ठरत नाही.

इलॅस्टिकसर्चच्या फील्ड व्हॅल्यू फॅक्टरमध्ये (फील्डमधला आकडा स्कोअरला लावणाऱ्या सोयीत) लॉग1पी (1 मिळवून काढलेला लॉग) निवडून बूस्ट मोड गुणाकाराचा ठेवणे ही नेहमीची चूक. विक्री शून्य असेल तर लॉग1पी शून्य देतो, शून्याने गुणले की स्कोअर शून्य, आणि नवी वस्तू यादीच्या तळाशी कायमची गाडली जाते. ती दिसत नाही म्हणून विकली जात नाही, विकली जात नाही म्हणून दिसत नाही. नुसता लॉग निवडलात तर शून्य विक्रीवर क्वेरी थेट अडते. म्हणून वरचे सूत्र रोज रात्री बाहेर काढून ‘गुणक’ नावाच्या फील्डमध्ये तयार आकडा ठेवा आणि शोधाच्या वेळी फक्त त्याने गुणा. ज्या वस्तूला तो आकडाच नाही तिच्यासाठी मिसिंग 1 लिहायला विसरू नका.

सणांचे दिवस 30 दिवसांच्या खिडकीत बसत नाहीत. संक्रांतीच्या आठवड्यात तिळाची विक्री उसळते आणि पुढचे तीन आठवडे जुन्या आकड्यांवर तीळ वरच तरंगत राहतात. 7 दिवसांचे आणि 30 दिवसांचे दैनिक सरासरी आकडे निम्मे-निम्मे धरले तर चढणे-उतरणे दोन्ही लवकर होते. गणपतीत मोदकाची पिठी, दिवाळीआधी भाजणी, उन्हाळ्यात वाळवणाचा साबुदाणा यांना विक्रीची वाट न पाहता तारखेवर बांधलेला 1.2 चा गुणक दिला तरी चालतो.

तारांकनात सरासरी थेट वापरू नका. दोन जणांनी 5 तारे दिलेली वस्तू 180 जणांच्या 4.4 ला मागे टाकते. प्रत्येक वस्तूला आधीच 20 मते 4.0 ची मिळाली आहेत असे धरा: पहिलीचे (80 + 10) ÷ 22 = 4.09, दुसरीचे (80 + 792) ÷ 200 = 4.36. किराण्यात तारांकनाला मी फारसे महत्त्व देणार नाही. साखरेला कोण तारे देत बसते?

साठा हा या सगळ्यांपेक्षा जड संकेत. संपलेली वस्तू लपवायची नाही, कारण नेमके तेच पाकीट शोधणाऱ्याला ‘संपले आहे’ हे कळले पाहिजे. तिला 0.2 ने गुणा. तुमची गोदामे दोन आहेत आणि मधे ठाण्याची खाडी आहे, तेव्हा साठा एकच आकडा म्हणून ठेवू नका. ‘ठाण्यात आहे’, ‘तुर्भ्यात आहे’ अशी दोन फील्ड करा. कासारवडवलीच्या 400615 ला ठाण्याचे गोदाम, नेरूळच्या 400706 ला तुर्भ्याचे. ऐरोली 400708 ला कुठले, हे वाहतूकवाल्यांना विचारून ठरवा. पिनकोड अजून दिलेला नसेल तर दोन्हींपैकी कुठेही असला तरी ‘आहे’ धरा. साठा दर काही मिनिटांनी बदलतो, म्हणून हे दोन्ही आकडे गुणकात न मिसळता वेगळे अद्ययावत करा.

मार्जिनचा हट्ट धरणाऱ्या मालकांना नाही म्हणू नका, पण मर्यादा घाला. गुणक 0.95 ते 1.10, त्यापुढे नाही. यात एकाच प्रकारच्या दोन तूर डाळींमध्ये जास्त मार्जिनची वर येते, पण मसाला डाळीवर चढत नाही. रास्त मागणी एवढीच असते. सगळे गुणक मिळून 0.8 ते 1.6 च्या बाहेर जात नाहीत ना, हे रात्रीच्या कामातच तपासून कापा. साठ्याचा 0.2 त्यात धरू नका.

हाताने वस्तू वर खिळवणे हे शेवटचे हत्यार. एका शोधाला दोनपेक्षा जास्त नकोत, प्रत्येक खिळ्याला शेवटची तारीख हवी आणि तो कुणी लावला त्याचे नाव हवे. तारीख नसलेले खिळे वर्षभराने शंभर होतात आणि मग क्रम का बिघडला हे शोधणाऱ्याला स्कोअरमध्ये काहीच सापडत नाही. पैसे घेऊन वर आणलेल्या वस्तूवर ‘जाहिरात’ असे स्पष्ट लिहा. डार्क पॅटर्न (ग्राहकाला फसवणारी मांडणी) रोखण्यासाठी 2023 मध्ये निघालेल्या मार्गदर्शक तत्त्वांत वेष बदललेली जाहिरात हा गैरप्रकारच धरला आहे. पुढे बाहेरचे विक्रेते तुमच्या दुकानात घेतलेत तर 2020 च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांतली मार्केटप्लेससाठीची कलमेही लागतात. क्रम ठरवणारे मुख्य निकष आणि त्यांचे तुलनात्मक महत्त्व साध्या भाषेत ग्राहकांपुढे मांडावे लागते. तेव्हा आजपासूनच गुणकांचा एक कागद तयार ठेवलेला बरा.

सुधारले की बिघडले, हे कसे कळावे

एक शोध दुरुस्त करून दहा बिघडवायचे नसतील तर 150 शोधांची परीक्षा आधी बनवा: 50 सर्वाधिक वापरले जाणारे, 50 मधले, 50 क्वचित येणारे. प्रत्येकाच्या पहिल्या 20 वस्तूंना 0 ते 3 गुण द्या. 3 म्हणजे हेच हवे होते, 2 म्हणजे चालेल, 1 म्हणजे संबंधित, 0 म्हणजे चूक. गुण देणारे दोघे असावेत आणि त्यातला एक जण ग्राहकांचे फोन घेणारा असावा. त्याला लोक काय मागतात ते कळते, संगणकवाल्यांना कळतेच असे नाही.

मोजमाप एनडीसीजी, म्हणजे आलेला क्रम आदर्श क्रमाच्या किती जवळ आहे याचे माप. गुण 3 ला 7, 2 ला 3, 1 ला 1, 0 ला 0. प्रत्येकाला (जागा + 1) च्या लॉग2 ने भागायचे आणि आदर्श क्रमाच्या बेरजेशी तुलना करायची. पहिल्या तीन जागांवर 1, 3, 0 असा क्रम आला तर बेरीज 1 + 7 ÷ 1.585 = 5.42. आदर्श क्रम 3, 1, 0 ची बेरीज 7.63. म्हणजे 0.71. मोबाइलवर न सरकवता चार ते सहा वस्तूच दिसतात, तेव्हा पहिल्या 8 जागांपर्यंत मोजले तरी पुरे. इलॅस्टिकसर्चमध्ये यासाठी रँक इव्हॅल्युएशनची सोय आहे. एका वेळी एकच आकडा बदला, परीक्षा चालवा आणि सरासरीबरोबर सर्वाधिक घसरलेले दहा शोध डोळ्यांनी पाहा. सरासरी वाढलेली असताना ‘दूध’ बिघडलेले असू शकते.

क्लिकवरून आपोआप शिकणारे क्रम लगेच सुरू करू नका. पहिल्या जागेवर काहीही ठेवले तरी त्यावर बोट पडते. त्यावरून शिकलेले यंत्र आज वर असलेल्यालाच उद्याही वर ठेवते. अर्थावर चालणाऱ्या व्हेक्टर शोधाबद्दलही तेच. साडेसहा हजार वस्तूंना प्रकार आणि पर्यायी शब्द नीट लावले तर त्याची उणीव क्वचितच भासते. आणि ‘बिनसाखरेचा’ शोधणाऱ्याला तो साखर असलेले पदार्थच जवळचे म्हणून दाखवण्याची भीती असते.

खऱ्या ग्राहकांवर जुना-नवा क्रम ताडून पाहताना ग्राहक क्रमांकावरून दोन गट पाडा आणि दोन्ही एकाच वेळी चालवा. या आठवड्यात जुना, पुढच्या आठवड्यात नवा असे केले तर फसाल. महिन्याच्या 1 ते 7 तारखेला पगार झालेला असतो आणि महिन्याचे सामान भरले जाते. उरलेल्या दिवसांत दूध-ब्रेड-कोथिंबीर. तो फरक क्रमापेक्षा मोठा असतो. शोधानंतर टोपलीत टाकण्याचे प्रमाण, शून्य निकालांचे प्रमाण, आणि शोधून लगेच दुसरा शब्द टाइप करण्याचे प्रमाण, ही तीन मापे ठेवा. तिसरे सर्वात बोलके आहे. ‘तूर डाळ’नंतर कुणी ‘तूर डाळ 1 किलो’ टाइप करत असेल तर पहिला निकाल नापास.

शेवटी एक गोष्ट जी सगळे नीट केल्यावरही छळते. पान ताजे केले की दोन वस्तूंची अदलाबदल होते, किंवा पहिल्या पानावरची वस्तू दुसऱ्या पानावर पुन्हा दिसते. भावाचे आकडे सतत बदलल्याने इंडेक्समध्ये जुन्या, पुसलेल्या नोंदी साचतात. त्या विलीन होईपर्यंत शब्दांच्या दुर्मिळतेत मोजल्या जातात, आणि मूळ प्रत व रेप्लिका (तिची जोडप्रत) यांच्यात त्यांची संख्या वेगळी असते. एकच शोध एकदा या प्रतीकडे, एकदा त्या प्रतीकडे गेला की स्कोअर दशांशात हलतो. क्वेरीबरोबर प्रेफरन्स म्हणून ग्राहकाच्या सेशनची ओळख पाठवा, म्हणजे तो एकाच प्रतीकडे जाईल. स्कोअर समान आल्यास वस्तूच्या क्रमांकावर क्रम लागेल असा दुसरा निकष जोडा. आणि शार्ड (इंडेक्सचा तुकडा) एकच ठेवा. 7.0 च्या आधी मुळात पाच पडायचे. जुन्या आवृत्तीवरून तशीच सेटिंग पुढे आणली असेल तर प्रत्येक शार्ड आपल्यापुरती दुर्मिळता मोजतो, आणि तेराशे-तेराशे वस्तूंच्या तुकड्यांत ‘तूर’ कुठे दोनदा, कुठे आठदा भरते. साडेसहा हजार वस्तूंना एक शार्ड भरपूर झाला. नवा इंडेक्स एका शार्डवर बांधा, वरची सिमिलॅरिटी त्यातच घाला, 150 शोधांची परीक्षा त्यावर चालवा आणि पास झाला की एलियास (शोध ज्या नावाने इंडेक्सकडे जातो ते टोपणनाव) तिकडे वळवा. जुना आठवडाभर पुसू नका.